टाकीजवळचं अंजीर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी पार्किंगमधल्या मंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एकदोन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला तो 'घरच्या बागेत फळझाडांची छाट कलमे' असा. कलम म्हटलं की आमच्यासारख्या बँकेतल्या माणसाला आधी कलम १३८ आठवतं, म्हणजे चेक न वटण्याचं. नोकरीची ३४ वर्षं त्यात गेली. झाडांच्या कलमांकडे मी फार उशिरा वळलो आणि तेही अजून नीट येतं असं म्हणणार नाही. तेव्हा हे तज्ज्ञाचं व्याख्यान नाही. ज्याची बरीच कलमं वटली नाहीत अशा माणसाचं आहे.

आता सरळ मुद्द्यावर येतो. ए विंगच्या मागे, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीजवळ जे अंजिराचं झाड आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मुलांना माहीत आहे कारण मार्च-एप्रिलमध्ये भिंतीवर चढून ती अंजिरं काढतात. गाड्यावाल्यांना माहीत आहे कारण बुलबुल आणि रात्रीची वटवाघळं तेच अंजीर खाऊन त्यांच्या बॉनेटवर पोचपावती ठेवून जातात. बी विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी या विषयावर कमिटीला पाच पत्रं लिहिली आहेत. खजिनदार म्हणून ती फाइलला लावण्याचं काम माझ्याकडे होतं आणि खरं सांगतो, तक्रार रास्त होती.

पण झाड जाणार आहे ते बॉनेटमुळे नव्हे. दोन वर्षांपूर्वी टाकीतलं पाणी रात्रीत वीतभर उतरू लागलं. आधी आपण व्हॉल्व्हवर संशय घेतला, मग वॉचमनवर घेतला, मग एकमेकांवर. उन्हाळ्यात दिवसाआड टँकर मागवावा लागला. शेवटी टाकी रिकामी करून इंजिनिअर आत उतरले आणि त्यांनी मोबाइलवर फोटो काढून आणला. भिंतीच्या सांध्यातून आत आलेल्या मुळ्यांचा काथ्याच्या पायपुसण्यासारखा जाड गालिचा झाला होता. अंजीर हे वडा-पिंपळाच्याच कुळातलं. पाणी कुठे आहे ते त्याला सांगावं लागत नाही.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत झाड काढून टाकीची भिंत नवी बांधण्याचा ठराव आला. त्या ठरावाचा सूचक मी होतो. काही जणांना वाटलं होतं की मी विरोध करेन, कारण ते झाड आमच्या सौ.ने लावलेलं. 'वहिनींचं झाड' असंच इथे म्हणतात. ती जाऊन आता चार वर्षं झाली. पण टँकरच्या बिलांवर माझीच सही होती. टाकी ४८ फ्लॅटची, झाड एका घराच्या आठवणीचं; हिशोब कठीण नव्हता. हात वर करणं जरा कठीण गेलं, एवढंच. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज झाला, परवानगी आली. कमिटीने एक मोठेपणा केला, त्याबद्दल मी आभारी आहे: या उन्हाळ्याची फळं संपेपर्यंत, म्हणजे मे अखेरपर्यंत, झाडाला हात लावायचा नाही. त्यानंतर पावसाच्या आत टाकीचं काम.

सभा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिकेटर घेऊन खाली गेलो आणि १२ फांद्या कापून आणल्या. हिरव्यागार, कोवळ्या, टोकाला चांगली चार-चार मोठी पानं असलेल्या. कुंडीत काळी माती, भरपूर शेणखत, वर पुन्हा एक चमचा रासायनिक खत. दिवसातून दोनदा पाणी. दहाव्या दिवशी खालचं टोक काळं पडून मऊ झालं आणि पंधराव्या दिवशी १२ पैकी १२ गेल्या. हातात धरली की साल सुटून यायची.

यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. घाईत केलेली सगळी कामं अशीच होतात. म्हणून एकेक करून सांगतो. घरी कुणी करणार असेल तर माझ्या १२ काड्यांचा उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट, फांदी कोवळी नको. अंजीर, डाळिंब, द्राक्ष यांची गेल्या हंगामात वाढून पक्व झालेली, हिरव्याची तपकिरी-राखाडी झालेली काडी घ्यायची. जाडी पेन्सिलीपासून करंगळीपर्यंत. कारण असं की कापलेल्या काडीला मूळ नाही, म्हणजे आवक बंद. ती जगते ती स्वतःच्या अंगात साठवलेल्या अन्नावर. कोवळ्या फांदीत शिल्लक नसते आणि वर मी तिला चार मोठी पानं ठेवली होती, म्हणजे खर्च चालू. ज्या घरात पगार थांबलाय तिथे चार नोकर ठेवल्यासारखं ते झालं.

दुसरी गोष्ट, वेळ. झाड पानं गाळून विश्रांतीत असतं किंवा नवीन फुटीच्या जरा आधीचा काळ असतो, तेव्हा साठा सगळ्यात जास्त. आपल्याकडे अंजिराला दोन बहार. पावसाळ्यात येतो तो खट्टा बहार, त्याची फळं आंबट आणि पाणचट. मार्च ते मे येतो तो मीठा बहार, आपण खातो तो. आपल्या झाडाची पानं डिसेंबरात बरीचशी गळतात, म्हणून मी दुसऱ्या वेळेस जानेवारीचा पहिला आठवडा धरला.

तिसरी गोष्ट जी आहे तिच्यासाठी मला २००१ सालात जावं लागेल.

सोसायटी नोंदणी होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मागे सगळा बांधकामाचा राडारोडा होता. आमच्या सौ.चं माहेर दिवे घाट चढून गेल्यावर, पुरंदर तालुक्यात. घाटरस्त्याला टोपल्या घेऊन अंजीर-सीताफळं विकायला बसतात तो सगळा भाग. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या आधीही पुण्यात त्याची ओळख सांगावी लागत नव्हती. माझे सासरे गुंठाभर का होईना, अंजीर राखून होते. जूनमध्ये ती माहेराहून आली ती ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पाच काड्या घेऊन. तिला कामावर जायचं होतं म्हणून लावायचं काम मी अंगावर घेतलं. चार दिवसांनी तिने पाहिलं तेव्हा पाचपैकी तीन मी उलट्या खोचलेल्या. शेंडा मातीत, बुडखा आकाशाकडे.

"अहो, बँकेत चेकसुद्धा असाच उलटा धरता का?" एवढंच म्हणाली, पण नंतर २० वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

काडीला वर-खाली असतं. मूळ फुटतं ते बुडख्याच्याच बाजूला, डोळा वाढतो तो शेंड्याच्या बाजूला. उलटी लावली तर काडी गोंधळून बहुतेक वेळा वाळते. सासऱ्यांची त्यावर एक खूण होती. त्यांनी ती काड्यांवर केलेलीच होती, मलाच वाचता आली नाही. खालचा काप सरळ, डोळ्याच्या लगेच खाली. वरचा काप तिरपा, डोळ्याच्या बोटभर वर. मग अंधारातही चुकत नाही आणि वर पाणी साचत नाही. मी उपटून सुलट्या केल्या, त्यातल्या दोन तरीही गेल्याच. तिच्या माहेरची एक काडी आज टाकीजवळ उभी आहे ती.

तर आता जानेवारीतली गोष्ट. ३० काड्या घेतल्या. प्रत्येक साधारण वीतभर, चार ते पाच डोळ्यांची. कापल्यावर अंजिराचा पांढरा चीक गळतो. हातमोजे घाला, मला दोन दिवस मनगटापर्यंत खाज होती. चीक पाण्याने धुऊन काड्या सावलीत काही तास ठेवल्या. आपल्या झाडाला खोडकिडा आहे, बुंध्यातून भुसा येतो तो तुम्ही पाहिला असेल. म्हणून प्रत्येक काडीचा काप तपासून घेतला, आत पोकळ किंवा काळी रेघ दिसली तर टाकून दिली. आजारी झाडाची काडी लावली तर आजारही लावला जातो. डाळिंबाच्या तेल्या रोगाचा प्रसार असाच रोगट रोपांबरोबर झाला, हे शेतकऱ्यांना विचारा.

बुडख्याला मुळ्या फुटण्याची पावडर मिळते, रोपवाटिकेत मागा. त्यात आय.बी.ए. नावाचं द्रव्य असतं. कुणी मध सांगतं, कुणी दालचिनी, कुणी कोरफड. मी निम्म्या काड्यांना पावडर लावली, निम्म्यांना काहीच नाही. अंजिरात मला फारसा फरक दिसला नाही. डाळिंबात दिसेल, ते जरा हट्टी आहे. मधाचं म्हणाल तर तो पोळीबरोबर खावा.

माती नकोच. निम्मं कोकोपीट, निम्मी जाडसर वाळू, खत शून्य. ज्याला तोंडच नाही त्याला जेवण वाढून काय उपयोग? उलट ते खत सडतं आणि सोबत काडीला सडवतं. पिशव्या म्हणून अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या वापरल्या, खाली भोकं पाडून. तीन महिने सोसायटीतल्या १० घरांनी माझ्यासाठी पिशव्या धुऊन ठेवल्या. काडीचे दोनतृतीयांश आत, वर एक किंवा दोन डोळे. कोकोपीट मुठीत दाबलं तर हाताला ओल लागावी, पण थेंब पडू नये, एवढंच पाणी. आणि जिन्याच्या खिडकीखाली, जिथे उजेड आहे पण ऊन नाही, तिथे रांग लावली. झाडूवाल्या मावशींनी त्यांना एकदाही धक्का लावला नाही, याची नोंद व्हावी.

तिसऱ्या आठवड्यात पालवी फुटली. ३० पैकी २६ काड्यांना! मी सगळ्यांना फोटो पाठवले. आपल्या ग्रुपवर टाळ्यांचे हात उमटले. आणि मग फेब्रुवारीच्या मध्यावर त्यातल्या सात काड्यांची पानं एकाएकी माना टाकून पडली.

हे मला माहीत असायला हवं होतं, कारण ही तर आमच्याच धंद्यातली गोष्ट. पालवी फुटली म्हणजे मूळ फुटलं असं नव्हे. ती पहिली पानं काडी आपली ठेव मोडून काढते. बाहेरून घर भरभराटीचं दिसतं, आत पासबुकात आवक काहीच नसते. त्या काळात मूळ आलं तर संसार सुरू होतो, नाही आलं तर ठेव संपते त्या दिवशी सगळं संपतं. म्हणून पालवी दिसली की लगेच उन्हात ठेवू नका, खत घालू नका आणि काडी हलवून मूळ आलं का ते बघू नका. सी विंगमधल्या एका छोट्या मित्राने तीन काड्या रोज हलवून बघितल्या. नाव सांगत नाही, तो समोर बसलाय. त्या सातांत त्या तीन होत्या, पण बाकीच्या चार माझ्याच राखणीत गेल्या, तेव्हा त्याला कुणी रागवू नये. आपण फांदी हलवतो तेव्हा केसासारखं नवं मूळ आत तुटतं. दुधाची पिशवी उजेडाला धरली की कडेने पांढरी मुळं दिसतात, तेवढं पुरे. त्यासाठी निळ्या छपाईची नको, जरा पारदर्शक पिशवी निवडा.

राहिली १९.

आता कुणी विचारेल, एवढी यातायात कशाला? फळातलं बी पेरावं. आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक संदेश फिरतो की अंजिरात मेलेली माशी असते म्हणून ते मांसाहारी. परदेशात काही जातींना एका चिमुकल्या माशीकडून परागीभवन लागतं हे खरं आहे. पण आपल्या पूना अंजिराला ती माशी लागत नाही, फळ त्याशिवायच धरतं. चातुर्मास पाळणाऱ्यांनी निर्धास्त राहावं. मात्र त्याचाच दुसरा अर्थ असा की आतल्या बिया पोकळ असतात. दाताखाली कुरकुरतात, पण उगवत नाहीत. म्हणजे या झाडाला मुलंबाळं नाहीत. ते पुढे जातं ते कुणीतरी काडी कापून दुसऱ्याच्या हातात दिली म्हणूनच. आणि काडी हे त्या झाडाचं पोर नव्हे, ते झाडच आहे. बँकेच्या भाषेत, वारसाच्या नावाने नवं खातं नाही, त्याच खात्याची दुसऱ्या शाखेत बदली. सासऱ्यांना कुणी दिलं असेल, त्यांना आणखी कुणी. घाटावरच्या बागांतून आणि आपल्या टाकीजवळ एकच झाड वेगवेगळ्या ठिकाणी उभं आहे.

डाळिंबाचंही तसंच. 'गणेश' ही जात इथेच, गणेशखिंडीच्या बागेत, डॉ. चिमा यांनी आळंदी वाणातून १९३६ साली निवडली. एका झाडाची निवड, आणि मग कलमांनी ती महाराष्ट्रभर गेली. बी पेरत बसले असते तर प्रत्येक झाड वेगळं निघालं असतं.

बाकीच्या झाडांचं भराभर सांगतो, कारण चहा गार होतोय. तुती सगळ्यात सोपी. काडी खोचा आणि विसरा. ड्रॅगनफ्रूटचा तुकडा कापून आठवडाभर सुकू द्या, मग लावा. द्राक्षाची काडी सहज लागते. छाटणीच्या वेळी ओळखीच्या बागायतदाराकडे ढिगाने मिळते, गच्चीला मांडव असेल तर करा. पेरू आणि लिंबाच्या नुसत्या काडीच्या नादी लागू नका. त्यांना पावसाळ्यात गुटी बांधायची, म्हणजे फांदी झाडावर असतानाच बोटभर साल गोल काढून, ओलं शेवाळ लावून, प्लॅस्टिकने घट्ट बांधायची. दीड-दोन महिन्यांनी आत मुळं दिसली की कापून घ्यायची. आईपासून तोडण्याआधी पायावर उभं करायचं, म्हणून ती पद्धत भरवशाची. कागदी लिंबू तर बियांपासूनही बहुतेक आईसारखंच येतं, फक्त फळाला वाट बघायला लावतं. माझ्या वयाच्यांनी गुटी करावी. आंबा, चिकू, सीताफळ यांच्या काड्या खोचू नका. आंब्याचं कोयीवर कलम करतात, चिकूचं खिरणीवर, ते काम रोपवाटिकेवर सोडा. ए विंगमधल्या एका ताईंनी हापूसची फांदी दोन वर्षं पाण्याच्या बाटलीत ठेवली होती. त्यांच्या चिकाटीला नमस्कार.

आता १९ रोपांचं वाटप. फ्लॅट ४८, रोपं १९, त्यामुळे चिठ्ठ्या टाकाव्या अशी सूचना आली होती. मी ती मानली नाही. ज्याच्या गॅलरीत रोज निदान पाच-सहा तास ऊन येतं त्यालाच रोप द्यायचं. मी संध्याकाळी फिरताना ऊन कुठल्या गॅलरीत येतं ते वहीत लिहून ठेवलं आहे. ज्या बी विंगच्या सद्गृहस्थांनी पाच पत्रं लिहिली, त्यांची गॅलरी दक्षिणेला आहे. सगळ्यात चांगलं ऊन तिथे. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सहावं पत्र मग मीच मला लिहायचं का?" पण रोप घेतो म्हणाले.

एक अट लेखी घेणार आहे. हे झाड जमिनीत, बिल्डिंगच्या चार भिंतींच्या आसपास कुणीही लावायचं नाही. तेच झाड आहे म्हटलं ना, मुळांची खोडही तीच. १६ इंची कुंडी किंवा तेवढी ग्रो बॅग, आणि दरवर्षी पावसाळा संपता संपता छाटणी, म्हणजे डोक्याएवढ्या उंचीवर फळं देत राहील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चार फळं दिसायला हरकत नाही. पावसाळ्यात पानांखाली तांबूस पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं काढून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका.

१९ पैकी एक मी माझ्यासाठी ठेवलं आहे आणि एक दिवे घाटावर जाणार आहे. सासऱ्यांची जमीन मेव्हण्यांनी काही वर्षांपूर्वी विकली, तिथे आता गोदामाचा पत्रा आहे. त्यांची अंजिरं त्यातच गेली. मेव्हणे आता सासवडला बंगल्यात राहतात, समोर थोडी जागा आहे. मी फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "दाजी, सुलटं लावून आणताय ना?"

राहिली १७. पुढच्या रविवारी सकाळी आठ ते नऊ, ए विंगच्या जिन्यात. रोप अजून दुधाच्या पिशवीतच आहे; घरी नेऊन जूनपर्यंत तिथेच, सावलीच्या कडेला ठेवा. पहिला पाऊस झाला की मोठ्या कुंडीत. तेव्हा पिशवी ब्लेडने कापा, रोप ओढून काढू नका. येताना एक ताटली घेऊन या, पिशवीला भोकं आहेत आणि लिफ्ट नुकतीच पुसलेली असते.